‘शंभरातील चौपन्न’ म्हणजे नेमके काय? गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील संयुक्त उपचारांचे दीर्घकालीन निष्कर्ष कसे वाचावेत

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रीच्या घरी पहिल्या आठवड्यातच दोन प्रकारचे कागद जमा होतात. एक गठ्ठा रुग्णालयाचा असतो. दुसरा गठ्ठा एखाद्या पुतण्याने वा भाचीने इंटरनेटवर शोधून आणलेला असतो. त्या दुसऱ्या गठ्ठ्यात कुठेतरी एक ओळ असते: ‘पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ५४ टक्के.’ ती ओळ वाचून कोणी म्हणते, “म्हणजे निम्मीच आशा.” कोणी म्हणते, “पाचच वर्षे मिळणार असतील, तर एवढा खर्च आणि एवढे हाल कशासाठी?” आणि ज्या स्त्रीविषयी हे बोलणे चाललेले असते, ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सारे ऐकत असते.

वाचकबंधुभगिनींनो, ही दोन्ही वाक्ये चुकीची आहेत, आणि अशा चुकीच्या वाचनातून चुकीचे निर्णय होतात. उपचार अर्ध्यावर सोडले जातात, तपासणीच्या फेऱ्या टाळल्या जातात. म्हणून अशा आकड्यांमागे काय दडलेले असते, ते शांतपणे समजून घेण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करीत आहोत. हा वैद्यकीय सल्ला नव्हे. सल्ला उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच द्यावयाचा असतो. परंतु त्यांच्यासमोर बसताना आकड्यांची भाषा थोडीफार समजत असेल, तर प्रश्न नीट विचारता येतात.

उपचाराचे तीन भाग

गर्भाशयमुखापुरता मर्यादित व लहान कर्करोग शस्त्रक्रियेने काढता येतो. गाठ मोठी असेल किंवा रोग शेजारच्या भागांत पसरला असेल, तर किरणोपचार आणि केमोथेरपी यांची जोड दिली जाते. यालाच संयुक्त उपचार म्हणतात. त्याचे तीन भाग असतात. पहिला भाग म्हणजे बाहेरून दिले जाणारे किरण. बोलीभाषेत आपण त्यांना ‘शेक’ म्हणतो. आठवड्यातून पाच दिवस, असे सुमारे पाच आठवडे ते दिले जातात. दुसरा भाग केमोथेरपीचा. बहुधा सिस्प्लॅटिन हे औषध आठवड्यातून एकदा शिरेतून दिले जाते. ते मात्रेने थोडे असते. किरणांनी दुखावलेल्या कर्कपेशींना स्वतःची दुरुस्ती करू न देणे, हे त्याचे येथील मुख्य काम होय. तिसरा भाग ब्रॅकीथेरपीचा. यात किरणांचा स्रोत योनिमार्गातून थेट गाठीजवळ नेऊन आतून शेक दिला जातो. हे सारे साधारणतः आठ आठवड्यांच्या आत पुरे व्हावे, असा दंडक आहे. कारण उपचार लांबत गेले, तर मधल्या काळात कर्कपेशी पुन्हा वाढू लागतात.

१९९९ सालचे वळण

अनेक दशके या रोगावर एकट्या किरणोपचाराचाच आधार होता. १९९९ सालच्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने डॉक्टरांसाठी एक जाहीर सूचना काढली. पाच मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकाच दिशेने बोट दाखवीत होते: किरणोपचाराच्या बरोबरीने सिस्प्लॅटिन दिल्यास मृत्यूचा धोका ३० ते ५० टक्क्यांनी घटतो. त्यानंतर जगभरातील रुग्णालयांची उपचारपद्धती बदलू लागली.

या पाचांपैकी एका चाचणीत ४०३ स्त्रियांची नोंद झाली होती. पाच वर्षांनी संयुक्त उपचार घेतलेल्यांपैकी ७३ टक्के स्त्रिया हयात होत्या, तर केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी ५८ टक्के. २००४ साली याच स्त्रियांचा आठ वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात ही प्रमाणे अनुक्रमे ६७ आणि ४१ टक्के अशी होती. म्हणजे काळ पुढे गेला तरी लाभ पुसला गेला नाही.

मात्र चित्र सर्वत्र इतके स्पष्ट नव्हते. कॅनडामधील २५३ स्त्रियांच्या एका चाचणीचा निष्कर्ष २००२ साली आला. तेथे पाच वर्षांनंतरची प्रमाणे ६२ आणि ५८ टक्के होती. चार टक्क्यांचा हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, असे गणित सांगत होते. एक चाचणी मोठा लाभ दाखवते, दुसरी जवळजवळ काहीच नाही. मग सामान्य माणसाने विश्वास कोणावर ठेवावा?

अशा वेळी संशोधक वेगवेगळ्या चाचण्यांतील प्रत्येक रुग्णाची माहिती एकत्र करून नव्याने हिशेब मांडतात. २००८ साली असा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील १३ चाचण्यांत दोन्ही गटांचे किरणोपचार सारखेच होते. फरक फक्त केमोथेरपीचा. त्यांचा निष्कर्ष असा निघाला की, केमोथेरपीच्या जोडीमुळे पाच वर्षे हयात राहणाऱ्यांचे प्रमाण ६० वरून ६६ टक्क्यांवर जाते. एका चाचणीने दाखविलेला फरक मोठा वाटला, तरी अनेक चाचण्यांची बेरीज अधिक विश्वासाची असते, हा यातील पहिला धडा होय.

‘३० टक्के’ आणि ‘६ टक्के’ यांतील फरक

येथे पुष्कळ वाचक अडखळतात. एकीकडे धोका ३० ते ५० टक्क्यांनी घटला असे म्हणतात, दुसरीकडे लाभ ६ टक्के म्हणतात. मग खरे काय? काही अंशी हा फरक वेगवेगळ्या चाचण्यांमुळे आहे. पण त्याहून महत्त्वाचे कारण मोजण्याच्या दोन रीतींत आहे.

समजा, एका वस्तीतील शंभर घरांपैकी दहा घरांत दरवर्षी पावसाचे पाणी शिरते. नाला रुंद केल्यावर ते पाच घरांत शिरू लागले. “पाणी शिरण्याचा धोका ५० टक्क्यांनी घटला,” हे वाक्य खरे आहे. “शंभरांपैकी पाच घरे वाचली,” हेही तितकेच खरे आहे. पहिले वाक्य तुलनेची भाषा बोलते, दुसरे प्रत्यक्ष मोजणीची. वर्तमानपत्राच्या मथळ्यात बहुधा पहिली भाषा असते, कारण तो आकडा मोठा दिसतो. घरात निर्णय घेताना मात्र दुसरी भाषा हाती असावी. म्हणून टक्केवारी दिसली की विचारावे: “शंभर स्त्रियांमागे किती अधिक वाचल्या?”

मुंबईहून आलेले उत्तर

२००८ सालच्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसून आली होती. रोगाचा टप्पा जसा पुढचा, तसा केमोथेरपीचा लाभ कमी होत गेलेला दिसत होता. आरंभीच्या टप्प्यांत तो शंभरामागे सुमारे १०, दुसऱ्या टप्प्याच्या उत्तरार्धात ७ आणि तिसऱ्या-चौथ्या टप्प्यांत अवघा ३ होता. आपल्याकडील स्त्रियांसाठी हा प्रश्न जिव्हाळ्याचा होता, कारण आपल्याकडे कितीतरी स्त्रिया तिसऱ्या टप्प्यातच रुग्णालयाची पायरी चढतात. गाठ ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोहोचलेली असते, कधी मूत्रवाहिनी दाबली जाऊन मूत्रपिंडाला सूज आलेली असते. वैद्यकीय भाषेत याला ‘तीन-ब’ टप्पा म्हणतात. अशा स्त्रियांना केमोथेरपीचा अधिकचा त्रास द्यावा की न द्यावा?

या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने शोधले. २००३ ते २०११ या काळात ‘तीन-ब’ टप्प्यातील ८५० स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गटांत विभागण्यात आले. एका गटाला केवळ किरणोपचार, दुसऱ्याला किरणोपचारासह दर आठवड्याला सिस्प्लॅटिन. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी संयुक्त उपचारांच्या गटात ५४ टक्के स्त्रिया हयात होत्या, तर केवळ किरणोपचारांच्या गटात ४६ टक्के. रोग परत न येता हयात असणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ५२.३ आणि ४३.८ टक्के होते. आमच्या लेखाच्या आरंभी आलेला ‘५४’ हा आकडा तो हाच.

आता हा आकडा सावकाश वाचू या. त्यात तीन गोष्टी दडलेल्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, लाभ शंभरामागे आठ स्त्रियांचा आहे. म्हणजे साधारण बारा-तेरा स्त्रियांना केमोथेरपीची जोड दिली, तर पाच वर्षांच्या अखेरीस त्यांपैकी एक अधिक स्त्री आपल्या घरी असते. संख्या लहान वाटेल. पण ती एक कोणाची तरी आई असते.

दुसरी गोष्ट अशी की, केवळ किरणोपचार घेतलेल्यांतही ४६ जणी हयात होत्या. म्हणजे या उपचाराचा पाया किरणांचा आहे, केमोथेरपी ही त्यावरची मोलाची जोड आहे. मूत्रपिंड दुबळे असल्याने किंवा रक्तपेशी घटल्याने डॉक्टरांनी एखाद्या आठवड्याची केमोथेरपी थांबविली, तर सर्व संपले असे मानून खचून जाऊ नये. उलट “आता गाठ लागत नाही, रक्तस्राव थांबला, बरे वाटते,” असे म्हणून उरलेला शेक सोडणे, किंवा ब्रॅकीथेरपीच्या संकोचाने वा भीतीने घरी परतणे, हे मात्र पायाच काढून घेण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट ५४ आणि ५२.३ या आकड्यांच्या जवळिकीत आहे. रोग परत आल्यावरही पुष्कळ स्त्रिया दीर्घकाळ जगल्या असत्या, तर या दोन आकड्यांत मोठे अंतर पडले असते. ते फारसे नाही. याचा अर्थ, परत आलेल्या रोगाला आवर घालणे कठीण असते. पहिल्या उपचाराची संधी हीच मोठी संधी. ती पूर्णपणे आणि वेळेत वापरली पाहिजे.

‘पाच वर्षे’ ही मुदत नव्हे

पाच वर्षे हा आयुष्याचा शेवट नसून मोजणीचा एक थांबा आहे. या कर्करोगाचे परतणे बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच घडते. त्यानंतर त्याचे प्रमाण कमी होत जाते. म्हणून पाच वर्षांनी रोगाचे चिन्ह नसलेल्या अनेक स्त्रिया पुढे दीर्घ आयुष्य जगतात. निदानाच्या दिवशीचा ‘५४’ हा आकडा तीन वर्षे सुखरूप पार केलेल्या स्त्रीला लागू होत नाही. तिची शक्यता तेव्हा पुष्कळच सुधारलेली असते.

त्याचबरोबर हेही ध्यानी घ्यावे की, आकडा समूहाविषयी बोलतो, व्यक्तीविषयी नाही. कोणतीही स्त्री ‘५४ टक्के’ जगत नाही. गाठीचा आकार, लसिकाग्रंथींतील प्रसार, रक्तातील हिमोग्लोबिन, मूत्रपिंडांचे कार्य आणि उपचार वेळेत पूर्ण झाले की नाही, यांवर प्रत्येकीची वाट वेगळी होते. शिवाय चाचणीत ज्यांची निवड होते, त्यांची मूत्रपिंडे व एकूण प्रकृती केमोथेरपी सोसण्याजोगी असल्याची खात्री आधी केलेली असते. अतिशय अशक्त रुग्णाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

ज्या परत येत नाहीत, त्यांचा हिशेब

दीर्घकालीन अभ्यासातील सर्वांत अवघड काम म्हणजे वर्षानुवर्षे संपर्क राखणे. उपचार संपतात, स्त्री गावी जाते, फोनचा क्रमांक बदलतो, कुटुंब कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात स्थलांतर करते. अशी स्त्री बरी आहे की नाही, हे रुग्णालयाला कळत नाही. गणित करताना शेवटच्या भेटीपर्यंतचीच तिची माहिती धरली जाते, आणि पुढे तिचे इतरांसारखेच झाले असावे असे गृहीत धरावे लागते. हे गृहीतक नेहमीच खरे नसते. ज्या आजारी पडल्या त्याच परत आल्या नसतील, तर निष्कर्ष आहे त्याहून चांगला दिसेल; ज्या ठणठणीत आहेत त्यांनीच येणे सोडले असेल, तर तो आहे त्याहून वाईट दिसेल.

म्हणून कोणताही निष्कर्ष वाचताना ‘किती वर्षे पाठपुरावा केला आणि किती जणी संपर्कात राहिल्या’ हे पाहावे. मुंबईच्या चाचणीत पाठपुराव्याचा मध्यमान काळ ८८ महिने, म्हणजे सात वर्षांहून अधिक होता. यामुळे तिच्या पाच वर्षांच्या आकड्यांना वजन आहे. आणि आपल्या घरातील स्त्री बरी झाली असली, तरी तिला तपासणीसाठी अवश्य न्यावे. पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत सहा ते बारा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा, असा सर्वसाधारण क्रम असतो. ही भेट तिच्या हिताची तर असतेच, शिवाय उद्याच्या रुग्णांना खरा आकडा कळावा म्हणूनही ती उपयोगी पडते.

वाचल्यानंतरचे जगणे

हयात राहणे ही एक बाजू झाली. कसे जगता येते, ही दुसरी. आणि अनेक अहवालांत ती एखाद्या कोपऱ्यात असते. किरणांचे काही परिणाम उपचारानंतर महिन्यांनी वा वर्षांनीही उमटतात. वारंवार शौचास होणे, शौचावाटे रक्त जाणे, लघवीची जळजळ वा घाई, पायांवर सूज, ओटीपोटाच्या हाडांचा ठिसूळपणा हे त्यांपैकी काही होत. तरुण वयात उपचार झाल्यास पाळी कायमची थांबते व अपत्यप्राप्तीची शक्यता संपते. योनिमार्ग आक्रसल्यामुळे वैवाहिक जीवनात वेदना येतात. याविषयी आपल्या घरांत कोणी बोलत नाही, आणि स्त्री ते मुकाट्याने सोसत राहते. यावर उपाय असतात, साधने असतात. डॉक्टरांना वा परिचारिकेला न लाजता सांगितले पाहिजे. पतीनेही या बाबतीत समजूतदार सोबती व्हावे.

चाचण्यांकडून येथे थोडा दिलासा मिळतो. वर उल्लेखिलेल्या ४०३ स्त्रियांच्या अभ्यासात दीर्घकालीन गंभीर दुष्परिणाम दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात आढळले. मात्र तेथे केवळ किरणोपचार घेणाऱ्या गटाला शरीराच्या अधिक मोठ्या भागावर किरण दिलेले होते, हे तुलना करताना विसरू नये. किरण देण्याचे तंत्रही सुधारत आहे. टाटा स्मारक केंद्राने शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घेणाऱ्या ३०० स्त्रियांचा अभ्यास केला. प्रतिमांच्या साहाय्याने नेमके किरण दिल्यावर तीन वर्षांत आतड्यांचे मध्यम वा तीव्र दुष्परिणाम ४२.४ वरून २१.१ टक्क्यांवर आले, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

नवे आकडे, जुनी सावधगिरी

दीर्घकालीन आकड्यांचा एक स्वभावच असा की, ते प्रसिद्ध होईपर्यंत जुने झालेले असतात. २०१८ सालच्या निष्कर्षातील पहिल्या रुग्णावर २००३ साली उपचार झाले होते. दरम्यान पुष्कळ बदलले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतील ५०० स्त्रियांच्या चाचणीत संयुक्त उपचारांपूर्वी सहा आठवडे सौम्य मात्रेत केमोथेरपी दिली गेली. तेथे पाच वर्षे हयात राहण्याचे प्रमाण ७२ वरून ८० टक्क्यांवर गेले. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका चाचणीत संयुक्त उपचारांना पेम्ब्रोलिझुमॅब या रोगप्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या औषधाची जोड दिल्यावर तीन वर्षे हयात राहणाऱ्यांचे प्रमाण ७४.८ वरून ८२.६ टक्के झाले. याउलट, संयुक्त उपचार संपल्यानंतर आणखी केमोथेरपी देण्याने लाभ होत नाही, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले; तेथे दोन्ही गटांचे आकडे ७२ आणि ७१ असे जवळजवळ समान होते. ‘अधिक औषध म्हणजे अधिक लाभ’ हा समज नेहमीच खरा ठरत नाही.

हे वाचून “मुंबईत ५४ आणि तिकडे ८०, म्हणजे तिकडचे उपचार चांगले,” असे मात्र कोणी म्हणू नये. मुंबईच्या चाचणीतील साऱ्याच स्त्रिया तिसऱ्या टप्प्यातील होत्या. पाच देशांच्या चाचणीतील बहुसंख्य दुसऱ्या टप्प्यातील. दोन वेगळ्या चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवणे म्हणजे चौथीच्या आणि दहावीच्या मुलांचे गुण ताडून पाहण्यासारखे आहे. तुलना एकाच चाचणीतील दोन गटांचीच करावी.

डॉक्टरांसमोर बसताना

तेव्हा वाचकहो, असा प्रसंग आपल्या घरी वा शेजारी आलाच, तर काही प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. रोग कोणत्या टप्प्यावर आहे? आपण सांगत असलेला आकडा त्याच टप्प्यातील स्त्रियांचा आहे काय? शंभरामागे प्रत्यक्ष लाभ किती? ब्रॅकीथेरपी याच रुग्णालयात होईल की दुसरीकडे जावे लागेल, आणि तिची तारीख आत्ताच ठरेल काय? मूत्रपिंडे केमोथेरपी सोसतील काय? पुढे कोणते त्रास संभवतात आणि त्यासाठी कोणाकडे यावे?

भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याला बळी पडल्या, असा जागतिक अंदाज आहे. त्यांपैकी अनेकींनी आधी कितीतरी महिने अवेळी रक्तस्राव लपविला असेल. वर दिलेल्या सर्व आकड्यांत रोगाच्या टप्प्याइतका मोठा फरक पाडणारी दुसरी गोष्ट क्वचितच आढळते. वेळेवर केलेल्या तपासणीचे मोल येथेच कळते.

शेवटी एकच विनंती. सहा ते आठ आठवडे रोज रुग्णालयात जाणे एकट्या स्त्रीच्या बळावर होत नाही. कोणीतरी गाडीभाडे द्यावे लागते, कोणीतरी मुलांना जेवू घालावे लागते, कोणीतरी रांगेत तिच्यासोबत बसावे लागते. उपचार वेळेत पूर्ण होणे अशा लहानसहान मदतीवरच अवलंबून असते. दारात उभी राहून ऐकणाऱ्या त्या स्त्रीला आकड्यांचा अर्थ प्रेमाने समजावून सांगावा, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याबरोबर निघावे.